रिजेक्शनच्या ढिगाजवळ भरणारी बैठक

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा झाला, की आपल्या दैनिकाच्या पानांवर बोनसच्या बातम्या येऊ लागतात. कुठे वाटाघाटी फिसकटतात, कुठे गेटसभा होते, कुठे रात्री उशिरा करारावर सह्या होऊन सकाळी फटाके वाजतात. दिवाळी सरली, की मालक आणि कामगार यांच्या संबंधांचा विषय मागे पडतो आणि मध्येच एखादा अपघात झाला किंवा एखाद्या कारखान्याला टाळे लागले, तरच तो पुन्हा छापून येतो. या दोन्हींच्या मधल्या काळात कारखान्यात रोज जे घडते, किंवा घडायला हवे असूनही घडत नाही, त्याविषयी मला लिहायचे आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतण्याच्या, कामात मी १९८९ पासून ३३ वर्षे काढली. हेल्पर म्हणून लागलो, मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारा, झालो, ११ वर्षे कामगारांचा प्रतिनिधी म्हणून मालक-कामगारांच्या संयुक्त समितीत बसलो आणि शेवटची ९ वर्षे फोरमन म्हणून त्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो. दोन्हीकडून पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की जिथे कामाचे खरे आकडे मालक आणि कामगार यांच्यासमोर ठरलेल्या दिवशी एकत्र मांडले जातात, तिथेच त्यांचे सहकार्य टिकते. बाकी सगळे प्रसंगापुरते असते.

हे मत मला एका ढिगाने शिकवले. २००६ च्या सुमारास वाहन उद्योगाची मागणी वाढली होती आणि आमच्याकडे भट्ट्या दोन पाळ्यांत चालू लागल्या होत्या. उत्पादन वाढले तसे रिजेक्शनही वाढले. कास्टिंग, म्हणजे ओतीव तुकडे, घासून साफ करण्याच्या फेटलिंग शेडच्या मागे नाकारलेल्या कास्टिंगचा ढीग दिवसेंदिवस उंच होत गेला. कास्टिंगच्या पृष्ठभागावर वाळूचे खड्डे, कडा तुटलेल्या, काहींत मशिनिंग करताना आत वाळू सापडायची. व्यवस्थापनाने ठरवले, की मोल्डर घाई करतात, म्हणून रिजेक्ट झालेल्या साच्याचा दर मोल्डरच्या पगारातून कापायचा. आम्हाला साच्यामागे दर मिळत असे. झालेले काम नाकारले गेले म्हणून मजुरी कापली जाणार, हे कळताच शॉपमधले वातावरण एका आठवड्यात बदलले. मोल्डर म्हणू लागले, की लोखंड थंड ओतले जाते, दोष भट्टीवाल्यांचा. भट्टीवाले म्हणू लागले, की कोअर, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे, नीट भाजलेले नसतात. कोअर शॉपने बोट दाखवले ते साच्याची वाळू तयार करणाऱ्या सँड प्लँटकडे. त्याहून वाईट म्हणजे, कापला जाणारा पैसा वाचवण्यासाठी काही जण लहान खड्डे पुट्टीने बुजवू लागले. तो माल पुढे गेला, ग्राहकाच्या मशिनवर फुटला आणि अख्खी गाडी परत आली. ज्यांनी पुट्टी भरली त्यांची बाजू मी तेव्हाही घेतली नव्हती आणि आजही घेत नाही. पण माणसाला खोटे करायला भाग पाडणारी पद्धत कारखान्यानेच घातली होती, हेही तितकेच खरे आहे.

माल परत आल्यावर मालकांनी एक वेगळी गोष्ट केली. त्यांनी कपात थांबवली आणि दर शनिवारी दुपारी, पाळी बदलताना, त्या ढिगाजवळच बैठक घ्यायला सुरुवात केली. दोन मोल्डर, एक भट्टीवाला, एक कोअर शॉपचा, एक फेटलिंगचा, सँड प्लँटचा ऑपरेटर, प्रयोगशाळेतला मुलगा आणि स्वतः मालक. खुर्च्या नव्हत्या. आठवड्याच्या ढिगातून वीसेक तुकडे उचलायचे, फोडायचे आणि प्रत्येकाने काय दिसते ते सांगायचे. पहिल्या दोन शनिवारी कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या शनिवारी आमच्यातला एक वयस्क मोल्डर म्हणाला, की दुसऱ्या पाळीत वाळू मुठीत धरली तर ती कोमट लागते आणि मूठ उघडली की भुगा होते. प्रयोगशाळेतल्या मुलाने ओलाव्याची नोंदवही काढली. नोंदी बरोबर होत्या. मग लक्षात आले, की नमुना मिक्सरच्या तोंडाशी घेतला जातो आणि मोल्डिंग मशिनपर्यंत पोहोचेपर्यंत गरम वाळूतले पाणी उडून जाते. उत्पादन वाढल्यामुळे शेकआउटनंतर, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढल्यावर, परत येणारी वाळू थंड व्हायला वेळच मिळत नव्हता.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ओल्या वाळूच्या साच्यात सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि मोजके पाणी असते. पाणी जास्त झाले तर वाफेने कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे आत पोकळ भोके, पडतात. कमी झाले तर साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळू लोखंडात जाते. जड कास्टिंगमध्ये लोखंडाच्या मानाने वाळू कमी असते, म्हणून ती वाळू अधिक तापते. आमच्याकडे दुसऱ्या पाळीत जड कास्टिंग सलग चालत, कारण नियोजन कार्यालयाला ते सोयीचे होते. उपाय स्वस्त निघाला. जड कामाच्या मध्ये हलकी कास्टिंग घेतली, फिरत्या वाळूचा साठा वाढवला, शेकआउटनंतर लगेच पाण्याचा फवारा दिला आणि ओलाव्याचा नमुना मोल्डिंग मशिनपाशी घ्यायला सुरुवात केली. महिनाभरात ढीग डोळ्यांना दिसेल इतका खाली आला. एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. नाकारलेले प्रत्येक कास्टिंग म्हणजे ती वीज दोनदा जाळणे, साचा दोनदा भरणे आणि माणसांची मेहनत दोनदा घेणे. त्या म्हाताऱ्या मोल्डरला हे कारण कित्येक आठवडे माहीत होते. पण कपात चालू असताना तो तोंड उघडणार कसा? उघडले असते तर स्वतःच्या चुकीसाठी सबब सांगतो, असेच सगळे म्हणाले असते.

या अनुभवामुळे कायद्यातल्या समित्यांकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या तिसऱ्या कलमातच वर्क्स कमिटीची तरतूद होती. शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे अशी समिती स्थापण्यास शासन फर्मावू शकते, कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत आणि समितीचे काम म्हणजे दोन्ही बाजूंत सलोखा राखणे, असे ते कलम सांगत होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ४३-अ हा अनुच्छेद आला आणि उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही शंभर कामगारांच्या आस्थापनेसाठी वर्क्स कमिटी कायम आहे, आणि वीस किंवा अधिक कामगारांसाठी तक्रार निवारण समिती आहे, जिच्यात दोन्ही बाजूंचे समान सदस्य असावेत आणि जिचे अध्यक्षपद वर्षाआड एकेका बाजूकडे जावे, असे म्हटले आहे. नव्या संहितांविषयी कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत. विशेषतः ले-ऑफ (तात्पुरती कामबंदी), कामगारकपात आणि कारखाना बंद करण्यासाठी शासनाची परवानगी घेण्याची मर्यादा शंभरवरून तीनशे कामगारांवर नेली, ही तरतूद मला स्वतःला चिंतेची वाटते. कोल्हापुरातल्या बहुतेक फौंड्र्या आणि मशिन शॉप त्या तीनशेच्या आतच बसतात. कामगाराची कायदेशीर ढाल पातळ होत असेल, तर समितीत प्रत्यक्ष काय बोलले जाते याचे महत्त्व वाढते, कमी होत नाही.

प्रत्यक्षात बोलले काय जाते? मी ज्या समितीत सुरुवातीची वर्षे बसलो, तिच्या बैठकीचे रजिस्टर तपासणीच्या आदल्या दिवशी भरले जाई. चहा-बिस्किटे येत, आणि चर्चा कँटीनची आमटी, गणवेश, सायकल स्टँडचे पत्रे यापुढे जात नसे. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. भट्टीसमोर आठ तास उभ्या राहणाऱ्याला ताकाचा एक पेला किती मोलाचा असतो, हे मला चांगले माहीत आहे. परंतु ज्या विषयांवर कारखाना जगतो, ते विषय त्या टेबलावर कधी आलेच नाहीत. पुढच्या तीन महिन्यांच्या ऑर्डर किती, रिजेक्शन कोणत्या विभागात किती, वीजबिल किती आले आणि ग्राहकांकडून येणे किती थकले आहे, हे चार आकडे दर महिन्याला समितीसमोर ठेवावेत, एवढीच माझी मागणी आहे.

यातल्या शेवटच्या आकड्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण कामगारांना तो सर्वांत कमी माहीत असतो. आपल्याकडचे बहुतेक कारखाने मोठ्या वाहन कंपन्यांना किंवा त्यांच्या पुरवठादारांना माल देतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. व्यवहारात ते कित्येकदा तीन-चार महिने अडकतात, आणि पुरवठादार तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर जाईल. पगार सात तारखेऐवजी पंधराला झाला, की कामगाराला वाटते, मालकाने पैसे दुसरीकडे गुंतवले. कधी तसे असतेही. पण जिथे पैसे खरोखरच वरच्या कंपनीकडे अडकलेले असतात, तिथे मालकाने ते कागद समितीसमोर ठेवले, तर अर्धा संशय त्याच दिवशी मिटतो. आमच्याकडे एकदा असे झाले, तेव्हा कामगारांनीच पगार दोन हप्त्यांत घ्यायचे मान्य केले. अट इतकीच होती, की पहिला हप्ता हेल्परांना पूर्ण मिळावा.

विजेचेही तसेच. औद्योगिक ग्राहकाला दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना वेगवेगळा दर लागतो, आणि हे तास बदलले की भट्ट्यांच्या पाळ्या बदलतात. कामगाराच्या दृष्टीने पाळी बदलणे म्हणजे मुलांची शाळा, बायकोची नोकरी, गावाकडे जाणारी शेवटची एसटी, सगळेच बदलणे. फलकावर एका ओळीची सूचना लावून हे केले, तर भांडण ठरलेले. बिल समोर ठेवून, दराच्या तासांचा तक्ता दाखवून, कोणती पाळी कोणाला जमेल हे विचारून केले, तर भांडण कदाचित तरीही होईल; पण ते कशावरून आहे हे दोघांना ठाऊक असेल.

मालकांचा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो अगदी निराधार नाही. आकडे समितीत दिले की ते संध्याकाळपर्यंत स्पर्धकाकडे पोहोचतात, आणि युनियन तेच आकडे पगारवाढीच्या करारात वापरते, असे ते म्हणतात. पहिल्या भीतीवर उपाय आहे: ग्राहकाचे नाव आणि नगाचा भाव सांगण्याची गरज नाही, टन, टक्के आणि दिवस सांगितले तरी पुरे. दुसऱ्या आक्षेपाबाबत मला वेगळे वाटते. करारात आकडे वापरले जावेत, हेच योग्य आहे. बोनसच्या कायद्याने किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के अशी मर्यादा घातली आहे. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, तो नफा असो वा तोटा, द्यावाच लागतो. त्यापुढचा प्रश्न वाटपायोग्य शिलकीचा असतो, आणि ती शिलक ताळेबंदावरून काढायची असते. मग ज्या गोष्टीवर दरवर्षी पंधरा दिवस घोषणा द्याव्या लागतात, तो हिशेब वर्षभर थोडाथोडा दाखवला असता तर ऑक्टोबरमध्ये दोन्ही बाजूंना एकमेकांवर ओरडण्यासारखे फारसे उरले नसते.

आता कामगारांच्या बाजूविषयी. माझे चुलते आजरा तालुक्यातून मुंबईच्या गिरणीत गेले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. चुलते त्या वर्षीच्या पावसाळ्यात गावी आले आणि पुन्हा गेले नाहीत. त्या संपाची कारणे पुष्कळ आहेत. गिरणीमालकांनी यंत्रांत पैसा घातला नव्हता, जमिनीची किंमत वाढत होती. पण चुलत्यांच्या तोंडून मी जे सर्वांत जास्त ऐकले ते वेगळेच होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरण्यांत एकच मान्यताप्राप्त युनियन वाटाघाटी करू शकत होती, आणि ती युनियन आपली आहे असे बहुसंख्य कामगारांना वाटत नव्हते. ते म्हणत, "आमच्या वतीनं बोलणारा आम्ही निवडलेला नव्हता, मग त्यानं केलेला करार आम्ही आमचा का मानायचा?" आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागातल्या कित्येक घरांत हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत आजही ऐकायला मिळेल. म्हणून समितीवरचे कामगार प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडले गेले पाहिजेत. मॅनेजरने बोलावून बसवलेली सोयीची माणसे आणि युनियनच्या नेत्याने बाहेरून पाठवलेली यादी, दोन्ही सारखीच निरुपयोगी आहेत.

निवडून आलेल्या प्रतिनिधीवरही जबाबदारी येते. मी प्रतिनिधी असताना सर्वांत अवघड गेलेले काम मालकाशी भांडणे हे नव्हते. चैत्रात जोतिबाची यात्रा, त्याच सुमारास गावोगावच्या जत्रा, पुढे उसाची लागण, भांगलण, आणि आमच्यातल्या निम्म्याहून अधिक कामगारांची अर्धा-एक एकर शेती. त्या दिवसांत निम्मी मोल्डिंग लाइन रिकामी असे. कोणी आधी सांगत नसे, कारण आधी सांगितले की रजा नाकारली जाई. आणि रजा नाकारली जाई, कारण कोणी आधी सांगत नसे. आम्ही फेब्रुवारीतच गावनिहाय यादी करायची ठरवले. कोणत्या गावची जत्रा कधी, कोण जाणार, त्याच्या जागी कोण येणार, हे कामगारांनीच लिहून द्यायचे आणि त्या यादीतली रजा व्यवस्थापनाने नाकारायची नाही. यादीबाहेर जो गैरहजर राहील त्याची बाजू समिती घेणार नाही, हे मला माझ्याच माणसांना उभे राहून सांगावे लागले. त्या दिवशी काही जण माझ्याशी बोलायचे बंद झाले होते. पुढच्या वर्षी तेच यादी करायला पुढे आले.

पुराच्या काळात या सवयीचा फार उपयोग झाला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी चढले, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि अनेक कारखान्यांत माणसे एका बाजूला व भट्ट्या दुसऱ्या बाजूला अडकल्या. वीज गेली आणि भट्टीत लोखंड गोठले, तर अस्तर फोडून काढावे लागते; तो खर्च आणि तो वेळ लहान कारखान्याला झेपत नाही. २०१९ नंतर आमच्या समितीने ठरवून ठेवले, की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचले की भट्टीत नवा चार्ज, म्हणजे वितळवायचा माल, घालायचा नाही, ४३ फुटांच्या धोका पातळीआधी भट्ट्या रिकाम्या करायच्या, चिखली, आंबेवाडीसारख्या पुराच्या गावांतल्या माणसांना आधी सोडायचे, आणि बंद दिवसांचा पगार अर्धा कारखान्याने व अर्धा रजेतून भरायचा. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले, तेव्हा कोणाला विचारायची वेळ आली नाही. सगळे आधीच ठरलेले होते. जनावरे सोडवायला घरी जायचे की भट्टी सांभाळायची, असा पेच कोणाही कामगारावर आला नाही.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, आणि ती मला फार सलते. वर मी ज्यांच्याविषयी लिहिले ते सगळे कायम कामगार होते. मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या शॉपमधली बरीच कामे, विशेषतः फेटलिंग आणि शेकआउटसारखी सर्वांत धुळीची कामे, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कंत्राटी कामगार करत होते. ते ठेकेदाराचे, म्हणून आमच्या समितीत त्यांना जागा नव्हती. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि त्याचा सर्वांत मोठा धोका ज्यांना, त्यांचाच आवाज बैठकीत नव्हता. मास्क दिले जात. पण घामाने भिजलेला मास्क तासाभरात श्वास कोंडतो, हे सांगायला त्यांच्यातला कोणी तिथे असता, तर आम्ही धूळ ओढणाऱ्या यंत्रणेचा विषय चार वर्षे आधी घेतला असता. मे २०२० मध्ये टाळेबंदीत हे लोक कोल्हापूरहून विशेष रेल्वेगाड्यांनी गावी गेले. त्यातल्या अनेकांना शेवटच्या महिन्याचा हिशेब कोणाकडे मागायचा हेच ठाऊक नव्हते, कारण कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवत होता आणि ठेकेदार फोन उचलत नव्हता. टाळेबंदी उठल्यावर भट्ट्या तयार होत्या, ऑर्डर होत्या, आणि फेटलिंगला माणूस नव्हता. तेव्हा सगळ्यांना त्यांची किंमत कळली. कंत्राटी कामगाराला समितीत किमान एक जागा आणि त्याच्या भाषेत बोलण्याची मुभा, ही मागणी कायम कामगारांच्या युनियनने स्वतःहून करायला हवी होती. मी फोरमन होतो, माझ्या हातात थोडे अधिकार होते, आणि तरीही मी ती लावून धरली नाही, याचे मला आज वाईट वाटते.

शंभर कामगारांच्या खालच्या कारखान्यांचे काय, हा प्रश्न उरतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चार लेथ, एक ड्रिल आणि सात-आठ माणसे असा एक कारखाना, असे किती तरी आहेत, आणि तिथला मालक बहुधा स्वतः टर्नर असतो. दुपारी कामगारांसोबत एकाच डब्यातली भाकरी खातो. तिथे समिती नेमण्यात अर्थ नाही. इचलकरंजीची गोष्ट आणखी वेगळी. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला. आज तिथला खर्चीवाला यंत्रमागधारक स्वतःच व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतो आणि त्याच्याकडचा कामगार मीटरवर, पिकांच्या (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या) हिशेबाने मजुरी घेतो. व्यापाऱ्याने दर दिला नाही तर मालक कामगाराला कुठून देणार? मजुरीवाढीच्या वाटाघाटीत दोन्ही गरीब बाजू एकमेकांसमोर बसतात आणि ज्याच्याकडे दर ठरतो तो खोलीतच नसतो. अशा ठिकाणी एकेका कारखान्याऐवजी सगळ्या वसाहतीची मिळून एक बैठक असली पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात उद्योजकांच्या संघटना चांगल्या बांधलेल्या आहेत: उद्यमनगरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीत स्मॅक, गोकुळ शिरगावात गोशिमा, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीसाठी मॅक. वीजदर, रस्ते, वापरलेल्या वाळूची विल्हेवाट या प्रश्नांवर त्या एकत्र येतात आणि शासनाशी बोलतात. या संघटनांनी आणि जिल्ह्यातल्या कामगार संघटनांनी मिळून तीन महिन्यांतून एकदा, बोनसचा किंवा पगाराचा विषय न घेता, फक्त सुरक्षितता, प्रशिक्षण, पाळ्या आणि पूर या चार गोष्टींसाठी एकत्र बसावे, अशी माझी दोघांनाही नम्र विनंती आहे. पगार आणि बोनसवरचे मतभेद राहणारच, आणि ते राहिले तरी चालेल. त्यासाठी सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे, औद्योगिक न्यायालय आहे. पण ओले स्क्रॅप भट्टीत गेले की वाफेचा स्फोट होतो, तो मालकाला आणि कामगाराला वेगळा करून उडत नाही. पावसाळ्यात स्क्रॅप कुठे आणि कसे झाकून ठेवायचे, एवढा एकच विषय जरी पहिल्या बैठकीत निघाला, तरी माझे समाधान होईल.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. पुढच्या दिवाळीत बोनसच्या बातम्या देताना टक्केवारीच्या शेजारी आणखी एक आकडा छापावा: त्या कारखान्यात वर्षभरात वर्क्स कमिटी किती वेळा बसली, आणि त्या बैठकांना मालक स्वतः किती वेळा हजर होते. आपले वार्ताहर हा प्रश्न गेटवर दोन्ही बाजूंना विचारू शकतील, आणि दोन्ही बाजूंनी दिलेला आकडा एकच निघतो का, हेही वाचकांना कळेल.

आपला नम्र,
एक निवृत्त फोरमन,
कोल्हापूर